पसरलेला हात

नर्मदेच्या परिक्रमेत नदी सतत उजव्या हाताला ठेवून तिला पूर्ण वळसा घालायचा असतो. अमरकंटकला उगम पावून भरूचजवळ खंभातच्या आखाताला मिळणारी ही नदी सुमारे १३१२ किलोमीटर लांब आहे. दोन्ही काठ आणि वाटेतले फेर धरले, तर पायी चालणाऱ्याला अडीच-तीन हजार किलोमीटर पडतात. बहुतेक जण ओंकारेश्वरला संकल्प सोडतात, दक्षिण तटाने समुद्रापर्यंत उतरतात, मुखाशी भरतीची वेळ साधून होडीने उत्तर तटावर येतात आणि अमरकंटकला उगमापाशी वळून पुन्हा ओंकारेश्वर गाठतात. मुखाशी सोडले तर नदी कुठेही ओलांडायची नाही. जुन्या प्रथेप्रमाणे या फेरीला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागत, कारण चातुर्मासात पाऊल पुढे टाकायचे नसे. आता बरेच जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि पावसाळ्याआधी परततात.

प्रवासाने माणूस घडतो, हे वाक्य इतके सर्वमान्य आहे की त्याची तपासणी सहसा होत नाही. जगभर फिरून आलेली पुष्कळ माणसे निघाली तशीच परत येतात. त्यांच्या सवयी, मते आणि अपेक्षा सामानाबरोबर गेलेल्या असतात आणि सामानाबरोबरच परततात. नुसत्या अंतराने माणूस बदलत नाही. तो बदलतो कशाने, याचे एक उत्तर परिक्रमेच्या नियमांत आहे.

यातला सर्वांत कठीण नियम चालण्याचा नाही, मागण्याचा आहे. परिक्रमावासीने संग्रह करू नये, पैसा बाळगू नये, मिळेल ते खावे आणि मिळेल तिथे पडावे, अशी परंपरा आहे. झोळी, काठी, कमंडलू, अंथरूण-पांघरूण आणि नर्मदेचे पाणी भरलेली लहान बाटली एवढाच त्याचा संसार. संध्याकाळ झाली की गावात शिरायचे, ‘नर्मदे हर’ म्हणायचे आणि कोणी बोलावील त्याची वाट पाहायची. देऊळ, धर्मशाळा, आश्रम किंवा एखाद्या शेतकऱ्याची पडवी, जे मिळेल ते. काही ठिकाणी सदावर्त मिळते, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा. तो घ्यायचा, चूल पेटवायची आणि शिजवून खायचे.

ज्याने आयुष्यभर कमावून खाल्ले, घर बांधले, मुलांची शिक्षणे केली, चार लोकांना मदतही केली, अशा माणसाला हात पसरणे फार जड जाते. देणाऱ्याच्या जागी उभे राहण्याची त्याला सवय असते आणि त्या जागेत नकळत एक उंची असते. दान करणाऱ्यालाही आपला अहंकार जपता येतो, किंबहुना दानाने तो अधिकच पोसला जातो. घेणाऱ्याला तशी सोय नाही. दुसऱ्याच्या दारात, त्याच्या वेळेने, त्याच्या इच्छेवर अवलंबून उभे राहिल्यावर हुद्दा आणि निवृत्तिवेतन यांचा काही उपयोग नसतो. दारातल्या बाईला समोरचा माणूस कोण होता हे ठाऊक नसते आणि जाणून घ्यायचेही नसते. ती त्याला ‘बाबाजी’ म्हणते आणि भाकरी पुढे करते. परिक्रमेतून मिळणारी वाढ, असली तर, इथे सुरू होते.

दक्षिण तटावरच्या शूलपाणीच्या झाडीत हा नियम टोकाला जात असे. राजघाटाच्या पुढे सुरू होणाऱ्या या डोंगराळ जंगलपट्ट्याचा काही भाग महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात येतो. इथले भिल्ल परिक्रमावासींना लुटत, अगदी अंगावरच्या कपड्यांपर्यंत, हा अनुभव जुन्या पिढीतल्या अनेकांनी सांगितलेला आहे. त्यांना ‘मामा’ म्हणत आणि नर्मदामैयाच त्यांच्या हातून उरलेसुरले काढून घेते, अशी श्रद्धा होती. श्रद्धा बाजूला ठेवली तरी परिणाम खरा होता. झाडीतून बाहेर पडलेल्याकडे गमावण्यासारखे काही उरत नसे आणि पुढच्या गावात कोणी तरी त्याला वस्त्र देत असे. मात्र लुटणाऱ्याची बाजूही पाहायला हवी. ज्या मुलखात लोक उपाशी होते, तिथून दुसऱ्यांनी पुण्य मिळवायला जावे आणि त्या उपासमारीला दैवी परीक्षा म्हणावे, यात मोठा अन्याय आहे. आज ती लूट जवळजवळ थांबली आहे आणि त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर परिक्रमावासीला ज्वारी-मक्याची भाकरी मिळते.

झाडीचे रूपही पालटले. ५ एप्रिल १९६१ रोजी पायाभरणी झालेल्या सरदार सरोवर धरणाची उंची आता १३८.६८ मीटर आहे. शूलपाणेश्वराचे मूळ मंदिर जलाशयात गेले आणि नवे मंदिर गोरा इथे उभे राहिले. मणिबेलीसह महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. काठाची जुनी वाट अनेक जागी पाण्याखाली आहे आणि चालणाऱ्याला दूरचा फेरा घ्यावा लागतो. इथून जाणारा माणूस ज्या पाण्याला नमस्कार करतो, त्याच पाण्याखाली त्याला जेवू घालणाऱ्याचे शेत असू शकते. हे कळल्यावर त्याचा नमस्कार पहिल्यासारखा राहत नाही आणि राहूही नये.

परंपरेने सगळेच पार पाडले असेही नाही. कोरड्या शिध्यामागे यजमानावर भार पडू नये हा विचार होता, तसा सोवळ्याचाही होता. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाचे नाही, हा हिशेब कित्येक जण काठाकाठाने बरोबर घेऊन चालले. हजारो कोस चालूनही माणसाची एखादी गाठ न सुटता राहू शकते, याचा हा पुरावा आहे. त्यामुळे भिल्लाच्या चुलीवरची भाकरी निःसंकोच खाणारा आजचा परिक्रमावासी या एका बाबतीत जुन्या काटेकोर यात्रिकांच्या पुढे गेला आहे.

नवेपणा येतो तो मात्र बराचसा शरीराच्या वाटेने. पहिले काही दिवस पायांना फोड येतात, खांदे दुखतात, घरच्या विवंचना डोक्यात घोळत राहतात. मग दिवस लहान होत जातो: पहाटे उठणे, स्नान, चालणे, अन्न, झोप. निर्णय थोडे उरतात. उद्याची काळजी करून उपयोग नसतो, कारण उद्या कुठे असू हेच ठाऊक नसते. वर्षानुवर्षे बारीकसारीक निवडींनी थकलेल्या मनाला ही विश्रांती मिळते. चातुर्मासाच्या मुक्कामामागेही हेच शहाणपण दिसते. चिखल, पूर आणि पायाखाली येणारे जीव ही त्याची व्यावहारिक कारणे. पण त्या चार महिन्यांत अर्ध्या वाटेवर थांबणे म्हणजे काय, हेही चालणारा शिकतो.

नियमांचे सगळे सोपस्कार न पाळताही नदीने माणसाला नवे केल्याचे उदाहरण आहे. जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकले होते. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदाकाठाने चालायला सुरुवात केली, तीही तुकड्यातुकड्यांनी, बरेचदा विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. त्यांना पुण्यापेक्षा नदीचे सौंदर्य हवे होते. त्यातून रेखाचित्रे आणि कोलाज झाले, आणि लेखक म्हणून ते ज्या पुस्तकांमुळे ओळखले जातात ती हिंदी-गुजराती पुस्तकेही याच चालण्यातून आली. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या गुजराती पुस्तकाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या वयात लोक आवराआवर करतात, त्या वयात हा माणूस घाट, जत्रा, कोळी आणि कपडे धुणाऱ्या बायका यांच्याकडे पहिल्यांदा पाहावे तसा पाहत होता.

महाराष्ट्रातून या वाटेवर जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. सिंधुदुर्गातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, १९१४ मध्ये नर्मदाकाठच्या गरुडेश्वरलाच समाधिस्थ झाले. अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाने मराठी घराघरांत परिक्रमेची ओढ लावली. आता बसने, मोटारीनेही परिक्रमा होते. वय झालेल्यांना आणि आजारी माणसांना तीर्थदर्शनाचा तो एकच मार्ग असतो आणि त्यात कमीपणा नाही. पण जेवण आणि खोली आधीच ठरलेल्या प्रवासात मागण्याचा प्रसंग येत नाही, आणि तो प्रसंग काढून टाकला की परिक्रमेचा कणाच निघून जातो.

गर्दीने दुसरा प्रश्न उभा केला आहे. निमाडातल्या ज्या घराने वर्षाकाठी थोड्या लोकांना जेवू घातले, त्याच्या दारात आता हंगामात रोज माणसे येतात. चहा, गरम पाणी, मोबाइल चार्जिंगची जागा हक्काने मागितली जाते, आणि घाटावर प्लास्टिक मागे राहते. एका वेळेपुरतेच घ्यावे आणि यजमान अडचणीत दिसला तर पुढे निघावे, हे जुने संकेत इथे उपयोगी पडतात. वाटेवरच्या माणसांनी दिलेले बहुधा त्यांच्या गरजेतून काढून दिलेले असते. ते घेऊन आपल्याला शांती लाभली, पण देणाऱ्याकडे आपण धड पाहिलेही नाही, अशा यात्रिकाची वाढ झाली असे म्हणता येत नाही.

हे ऋण गंभीरपणे घेणारेही आहेत. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली. वाटेत त्यांना काठावरच्या मुलांच्या शिक्षणाची दुरवस्था दिसली. परत आल्यावर त्यांनी नोकरी सोडली, निमाडात मंडलेश्वरच्या परिसरात मुक्काम हलवला आणि विस्थापितांच्या लेपा पुनर्वास या वसाहतीत मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्या कामातून तिथे शाळा उभी राहिली.