तळटीपेतली द्रौपदी

"अबे, तो कॅननमधीच नाही, तं मोजाचा कायले?" गोंदियात चहाच्या टपरीवर पोट्ट्यांचा वाद रंगला की शेवटी कुणीतरी हे वाक्य टाकतो आणि समोरचा गप्प बसतो. वाद स्टारकिलरचा असतो. 'द फोर्स अनलीश्ड' या २००८च्या व्हिडिओ गेमचा हा नायक म्हणजे डार्थ व्हेडरचा गुप्त चेला. शेवटी तो बंडखोरांच्या बाजूने जीव देतो आणि त्याच्या घराण्याचं चिन्ह त्या बंडाचं निशाण होतं. हजारो तास खेळून पोरांनी ज्याचा हात धरला, तो स्टार वॉर्सच्या 'खऱ्या' कथेत कधी नव्हताच, असं ठरलं २५ एप्रिल २०१४ रोजी. लुकासफिल्मने त्या दिवशी जाहीर केलं की चित्रपट आणि 'क्लोन वॉर्स' ही मालिका तेवढी पक्की धरायची. बाकी शेकडो कादंबऱ्या, कॉमिक आणि गेम 'लेजंड्स' म्हणून बाजूला काढायचे. २०१९च्या 'फॉलन ऑर्डर' या गेममधला कॅल केस्टिस मात्र कॅननमध्ये आहे. दोघंही गेममधलेच. एक तारखेच्या अलीकडे जन्मला, एक पलीकडे, एवढाच फरक.

पोरांचं पोरांपाशी. गेममधल्या पात्रावरून भांडावं, त्यात वाईट काही नाही. मला टोचतं ते हे की हेच वाक्य आता महाभारतावर चालवलं जातं. 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' असं द्रौपदी म्हणाली की नाही, स्वयंवरात तिने कर्णाला सूतपुत्र म्हणून नाकारलं की नाही, हा विषय निघाला की कुणीतरी मोबाइल पुढे करतो: भांडारकरच्या आवृत्तीत नाही, म्हणजे झालंच नाही, म्हणजे खोटं. जणू पुण्याच्या संस्थेनेही कधीतरी एक पत्रक काढून निम्मी द्रौपदी रद्द केली होती. या समजुतीत एका मोठ्या कामाचा अपमान आहे, आणि तो करणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

प्रमाण ग्रंथांची यादी करण्याची हौस जुनी आहे. ३६७ साली अथनेशियसने नव्या करारातली सत्तावीस पुस्तकं मोजून दाखवली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातली बहुतेक तोवर चर्चमध्ये वाचली जातच होती, हे कमी जणांना. आपल्याकडे एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचे बिघडलेले पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि इथून पुढे यात कुणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. घालणाऱ्याची तुलना त्यांनी अमृताच्या ताटात नरोटी ठेवणाऱ्याशी केली. तरी १९०९ साली राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून एक वेगळी प्रत छापलीच. तुकारामांच्या गाथेचं इंदुप्रकाशने १८६९मध्ये काय केलं आणि त्यावर किती भांडणं झाली, ते इथे काढत नाही.

फॅन मंडळींच्या तोंडी 'कॅनन' आला तो गमतीतून. १९११मध्ये रोनाल्ड नॉक्सने ऑक्सफर्डमध्ये शेरलॉक होम्सवर एक निबंध वाचला. बायबलच्या जर्मन चिकित्सेची टर उडवण्यासाठी त्याने वॉटसनच्या कथांना तीच चिकित्सा लावली, खोट्या जर्मन पंडितांची नावं रचली, कुठल्या कथा खऱ्या वॉटसनच्या आणि कुठल्या नकली याचा गंभीर चेहऱ्याने ऊहापोह केला. लोकांनी गंमत उचलली आणि कालांतराने टर विसरले. लुकासफिल्ममध्ये २०००पासून तर सगळ्या पात्रांची नोंद ठेवणारा माणूसच नेमला होता. त्याच्या नोंदवहीत पायऱ्या होत्या. सर्वांत वर लुकासचे चित्रपट, खालच्या पायऱ्यांवर कादंबऱ्या आणि गेम. स्टारकिलर तेव्हा खालच्या पायरीवर का होईना, उभा होता. २०१२मध्ये डिस्नेने कंपनी विकत घेतली आणि दीड वर्षात जिनाच काढून टाकला. हा निर्णय सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखा होता. जमिनीत काय पिकतं याचा त्यात प्रश्नच नसतो, नाव कुणाचं लागलंय एवढंच पाहायचं असतं.

आता पुण्याकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे काय घडलं याच्या वाचनात आहे.

नॉक्स ज्या जर्मन पद्धतीची टवाळी करत होता, तीच पद्धत साधारण त्याच वर्षांत बर्लिनमध्ये हाइनरिख ल्यूडर्सकडे एक मराठी तरुण शिकत होता. विष्णु सीताराम सुखटणकर. केंब्रिजमध्ये गणित शिकून तो बर्लिनला गेला होता. १९२५मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम त्याच्याकडे सोपवलं. सुखटणकरांपुढे दुसऱ्या एका मराठी माणसाचं महाभारत होतं. सतराव्या शतकात कोपरगावच्या घराण्यातल्या नीळकंठ चतुर्धरांनी काशीत बसून ठिकठिकाणच्या पोथ्या जमवल्या आणि त्यांतलं उत्तम ते एकत्र करून टीका लिहिली. ते महाभारत घरोघरी होतं. सुखटणकरांनी उलटी वाट धरली. त्यांचा नियम ऐकायला साधा आहे: काश्मीरच्या शारदा पोथ्या आणि केरळच्या मल्याळम पोथ्या, देशाची दोन टोकं, मधे संपर्क नाही. ही दोन टोकं जिथे एकच बोलतात, तो पाठ जुना. जे फक्त एका बाजूच्या पोथ्यांत सापडतं, ते नंतर आलेलं असण्याचा संभव मोठा.

या नियमाने बरंच काही मुख्य पाठातून खाली उतरलं. व्यासांचा लेखनिक गणपती परिशिष्टात गेला. सूतपुत्राला वरणार नाही म्हणणारी द्रौपदी तळटीपेत गेली. सभापर्व फ्रँकलिन एजर्टनने संपादलं. १९४४च्या त्याच्या आवृत्तीत वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग खालीच आहे. वर वस्त्रं नुसती येत राहतात, कुणी पाठवली ते सांगितलेलं नाही.

उतरलं, पण गेलं कुठे? त्याच पानावर, रेषेच्या खाली. कुठल्या कुठल्या पोथ्यांत आहे, कुणात नाही, याच्या खुणांसकट. एकूण १२५९ पोथ्या या कामी पाहिल्या गेल्या, एकोणीस खंड झाले, १९६६मध्ये राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते आवृत्ती प्रकाशित झाली. त्या खंडांचं कुठलंही पान उघडा, वरच्या चार ओळींना खाली बारीक अक्षरांची फौज लागलेली असते. एजर्टनने कृष्णाचा धावा खाली उतरवला हे त्याचं चुकलं, असं म्हणणारे अभ्यासक नंतर निघाले, अजून निघतात. त्यांना भांडता येतं, कारण एजर्टनने वापरलेला सगळा पुरावा त्याच पानावर पडलेला आहे. स्टारकिलरच्या बाजूने भांडायचं तर कुठल्या पानावर बोट ठेवाल? कंपनीने पुस्तकं विकायची बंद केली नाहीत हे खरं, 'लेजंड्स'चा पट्टा लावून ती आजही मिळतात. पण हा आत आणि तो बाहेर का, याची कारणं मांडायला कंपनी बांधलेली नाही. मालकाला ती द्यावी लागत नाहीत.

सुखटणकरांनी स्वतः काय दावा केला होता, तेही वाचलं जात नाही. आदिपर्वाच्या १९३३च्या प्रस्तावनेत त्यांनी बजावलं आहे की हे व्यासांचं मूळ महाभारत नाही. हाती असलेल्या पोथ्यांच्या आधाराने जितकं मागे जाता येतं, तितक्या मागचा हा पाठ. त्यापलीकडे काय होतं, ते ते सांगत नाहीत. मुंबई विद्यापीठासाठी त्यांनी १९४२मध्ये लिहिलेली व्याख्यानं १९५७ साली छापून आली. त्यांत ते महाभारताची थरांत चिरफाड करून 'मूळ' शोधणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांवर तुटून पडतात आणि संपूर्ण ग्रंथाचा अर्थ लावायला बसतात. ज्याने आयुष्यभर पाठ वेगळे केले, तोच अखेरीस एकसंध ग्रंथाची बाजू घेतो, यात मला विसंगती दिसत नाही. कुठला पाठ कधीचा, हे शोधणं एक काम. कुठला पाठ आपला, हा वेगळा प्रश्न, आणि त्यावर त्यांनी निवाडा दिला नाही. मोबाइल पुढे करणारा पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतो.

इरावती कर्व्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. 'युगान्त' त्यांनी संशोधित आवृत्तीवर उभा केला, अंगाला चिकटलेल्या कथा झाडून टाकल्या. आणि द्रौपदीवरच्या लेखात तिच्या शेवटच्या घटकेपाशी आल्या, तेव्हा इथपर्यंत महाभारत, इथून पुढची आपली नरोटी, असं सांगून त्यांनी भीम आणि द्रौपदीचा निरोप स्वतः रचला. नाथांची ताकीद त्यांना पाठ होती. ती त्यांनी मोडली, आणि मोडते आहे हे वाचकाच्या तोंडावर सांगून मोडली. पुढे काही वाचकांना तो निरोपच महाभारत वाटू लागला, त्याला बाईंचा इलाज नव्हता.

आमच्या झाडीपट्टीत तर ही रेषा कुणी आखलेलीच नाही. मंडईच्या दिवसांत रात्रभर चालणाऱ्या दंडारीत पुराणातलं पात्र गावच्या सरपंचाला टोमणा मारून पुन्हा पुराणात जाऊन बसतं. कर्णासाठी मनात झुरणारी द्रौपदी ना नीळकंठाकडे आहे ना सुखटणकरांकडे. ती 'जांभूळ आख्याना'त आहे, आणि विठ्ठल उमपांचं आख्यान ऐकणाऱ्याला ती कमी खरी वाटली असेल, असं मी मानत नाही.

सालेकसा तालुक्यात कचारगड आहे. दरेकसा स्टेशनवर उतरून धनेगावकडे चाललं की डोंगरातल्या मोठ्या गुहा लागतात. माघ पौर्णिमेला तिथे मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासूनचे गोंड भाविक येतात. याच गुहांशी जोडलेली, गोंडांना सोडवणाऱ्या लिंगोची कथा छापील रूपात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या कागदांतून. तो १८६३मध्ये वारला आणि रिचर्ड टेंपलने ते कागद १८६६ साली प्रसिद्ध केले. गोंडांची गाणी गाणाऱ्या एका प्रधानाने सांगितलेलं ते गाणं. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या परंपरेत गुहेत कली कंकालीची मुलं आहेत, त्यांना वाढवणारी जंगो रायताड आहे, आणि किंगरी वाजवत दगड हटवताना त्याखाली चिरडून मरणारा हिरासुका पाटालीर आहे. हिस्लॉप आधी छापला गेला म्हणून मूळ आणि बाकीचं मागाहून घातलेलं, असं म्हणणारे आहेत. हिस्लॉपमध्ये महादेव घुसडला म्हणून ते सगळंच टाकाऊ, असं म्हणणारेही आहेत. दोन्ही बाजू एकाच गोष्टीला बळी पडतात: छापलेल्या तारखेला. हिस्लॉपच्या आधी किती प्रधानांनी किती रात्री ते गाणं किती तऱ्हांनी गायलं, याच्या पोथ्या कुणी ठेवलेल्या नाहीत. सुखटणकरांच्या हाती निदान काश्मीर आणि केरळ होते. इथे एकच टोक लिहून ठेवलंय, आणि एका टोकावरून जुनं-नवं ठरत नाही. त्यांच्याच नियमाने ठरत नाही.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. सर्कशीत काम करणारी पोर, तिचा भाऊ गोलू असुरांनी पळवलेला, आणि तिच्या हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ. राजी कुठल्या पुराणातली, असं मला विचारलं गेलंय. कुठल्याच नाही, ती त्या कंपनीची नरोटी आहे, आणि कुणी दुर्गेच्या कथांची सूची करायला बसलं तर सगळ्यांत खालच्या ओळीत वर्षासकट तिची नोंद करावी. स्टारकिलरची अडचण वेगळी. २०१४मध्ये त्याच्याचसारखा बाहेर काढलेला अॅडमिरल थ्रॉन, १९९१च्या कादंबरीतला, दोन वर्षांनी 'रिबेल्स' मालिकेत परत आला, कारण कंपनीला तो हवा होता. स्टारकिलरही उद्या येईल किंवा येणार नाही. पोट्ट्यांना मी एवढंच विचारलं, की तो आला तर त्या दिवसाआधी खेळलेल्या तुमच्या तासांचं काय होणार. एक जण म्हणाला, ते तासही कॅननमध्ये घ्यावे लागतील. दुसरा म्हणाला, कंपनीला विचारून घेऊ.