दप्तरातला शोधक

कॅनडाच्या यूकॉन प्रदेशात रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात ऑगस्ट 1896 मध्ये सोनं सापडलं आणि क्लोंडाइकची झुंबड उडाली. ओढ्याकाठी तिघे होते: जॉर्ज कारमॅक हा गोरा, त्याचा टॅगिश आदिवासी मेहुणा केइश आणि केइशचा भाचा काऽ गूख. सोनं आधी कुणाला दिसलं याबद्दल वाद आहे. कारमॅक म्हणे, मला. बाकीचे दोघे सांगत की कारमॅक झोपला होता, दिसलं ते केइशला. सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्वी यांनी नंतर लिहून ठेवलेली हकिगतही केइशच्याच बाजूची आहे.

मला मात्र त्यानंतरचं बोलणं अधिक महत्त्वाचं वाटतं. इंडियन, म्हणजे आदिवासी, माणसाच्या नावावर शोध नोंदवून घेणार नाहीत, असं कारमॅकनं सांगितलं आणि शोधकाचा मान स्वतःकडे घेतला. तो मान नुसता नावापुरता नव्हता. नियमानं सोनं काढायला माणशी एकच पट्टा मिळे, शोधकाला दोन. त्यामुळे कारमॅकला दोन आणि त्या दोघांना एकेक. मग कारमॅक आणि काऽ गूख नोंदणीसाठी फोर्टीमाइलला गेले; पट्ट्यांची राखण करायला केइश मागं थांबला.

आपण सहज म्हणतो की दप्तरानं अन्याय केला. पण केइश आणि काऽ गूख यांचे पट्टे त्यांच्या नावावर रीतसर चढले. नकार कुणी दिलाच नव्हता. शोधक म्हणून केइशचं नाव दप्तरापुढं गेलंच नाही. वर्णभेदाची खरी ताकद मला इथं दिसते. कारकुनाला तोंड उघडावं लागत नाही. त्याचा नकार गृहीत धरून ओढ्याकाठीच वाटणी होऊन जाते.

त्याच सुमारास जवळच सोनं धुणाऱ्या रॉबर्ट हेंडरसननं केइश आणि काऽ गूख यांना तंबाखू विकायला नकार दिला होता. तो अपमान विसरला गेला नाही. सोनं लागल्याची बातमी हेंडरसनला कुणी कळवली नाही आणि ओढा हातचा गेला. तरी कॅनडाच्या सरकारनं पुढं त्याला सहशोधक मानलं, पेन्शनही दिली.

गोऱ्यांच्या तोंडी केइशचं नाव स्कूकम जिम. स्कूकम म्हणजे दणकट. 1880च्या दशकात तो चिलकूट खिंडीतून लोकांची ओझी वाहायचा. एका खेपेत 156 पौंड, म्हणजे सुमारे 70 किलो, डुकराचं मांस त्यानं पाठीवरून खिंडीपार नेलं. त्या उभ्या चढणीवर रिकाम्या हातांनीही दम लागतो. अशा माणसाला पुस्तकांनी बराच काळ कारमॅकचा सोबती म्हणून उरकलं.

त्याच्या माणसांनी जपलेली गोष्ट वेगळीच आहे. ती अँजेला सिडनी या टॅगिश आजींनी सांगितली आणि ज्युली क्रुकशँक या मानववंशशास्त्रज्ञांनी लिहून घेतली. त्या गोष्टीत केइश नदीच्या खालच्या अंगाला जातो तो सोन्यासाठी नव्हे. कारमॅकबरोबर गेलेल्या बहिणीची, शाव त्लाची, खबर नसते म्हणून तो निघतो. खूप आधी त्यानं खड्ड्यात अडकलेल्या बेडकाची सुटका केलेली असते; धन मिळतं ते त्या उपकाराच्या फेडीत. इतिहासकार अशा गोष्टीला लोककथा म्हणून बाजूला ठेवतात. मला ती जास्त विश्वासाची वाटते, कारण केइशचं पुढचं वागणं तिच्याशी जुळतं. 1900 मध्ये कारमॅकनं शाव त्लाला सोडून दुसरा संसार थाटला. ती माहेरी, कारक्रॉसला परतली, तेव्हा भावानंच तिला घर बांधून दिलं. पैसा आल्यावरही केइश वर्षानुवर्षं नव्या ओढ्यांवर सोनं शोधत हिंडला आणि यूकॉनमधल्या आदिवासींच्या मदतीसाठी त्यानं निधी ठेवला. 1916 मध्ये तो वारला.

म्हणून शोधकांच्या यादीत त्याचं नाव वर सरकवलं की न्याय झाला, हे मला पटत नाही. ती यादी ज्या मापानं केली, ते माप तसंच राहतं. शिवाय तो ओढा टॅगिशांच्या मुलखात नव्हता. तो हान लोकांचा, ट्रॉन्डेक ह्वेचिन यांचा प्रदेश. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी त्यांची सामन मासळीची जुनी जागा होती. हजारोंची गर्दी लोटली आणि चीफ आयझॅकना आपली माणसं घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला जावं लागलं. केइशचा गौरव करताना हान लोकांच्या या नुकसानीचा हिशेबही मांडावा लागेल, मग तो कितीही अडचणीचा वाटो.