खणलेलं परत खणता येत नाही

इ.स. 57, 8 जानेवारी. लंडनमधला टिबुलस नावाचा माणूस लाकडी पाटीवर लिहून देतो, की घेतलेल्या मालापोटी मी ग्रेटसचे 105 देनारियस देणं लागतो. दोघेही गुलामीतून सुटलेले. थोडक्यात, उधारीची चिठ्ठी. पण ब्रिटनमध्ये हाताने लिहिलेला, तारीख घातलेला याहून जुना दस्तऐवज अजून सापडलेला नाही.

ही पाटी सापडली, कारण ब्लूमबर्ग कंपनीला त्या जागी ऑफिस बांधायचं होतं. बांधकामाआधी, 2010 ते 2014 दरम्यान, म्युझियम ऑफ लंडन आर्किऑलॉजीच्या लोकांनी तिथे उत्खनन केलं. बुजलेल्या ओढ्याच्या ओल्या चिखलात 400हून जास्त पाट्या टिकल्या होत्या. वरचं मेण गेलं होतं, लाकडावर लेखणीचे ओरखडे राहिले होते.

इंग्लंडमध्ये हे नेहमीचं काम आहे. 1989मध्ये एका ऑफिसच्या बांधकामात शेक्सपिअरच्या काळातलं रोझ थिएटर सापडलं, ते वाचवायला नट रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी सरकारने धोरण आणलं: जमलं तर अवशेष जागेवरच ठेवा, नाही जमलं, तर बांधणाऱ्याच्या खर्चाने खणून नोंद करा. तेव्हापासून उत्खनन हा टेंडर भरून करायचा व्यवसाय झाला.

इथे मी अडखळतो. पैसे देणाऱ्याला टिबुलस नको असतो, रिकामी जमीन हवी असते. आणि उत्खनन म्हणजे थर काढून टाकणं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही फाइल एकदाच वाचता येते. वाचता वाचता डिलीट होते. मग हा माणूस इतिहास वाचवतो, की पावती देऊन पुसतो?

तीन वर्षांपूर्वी मी एका ग्राहकाचा जुना सर्व्हर बंद केला. घाई होती. बॅकअपच्या स्क्रिप्टने हिरवी टिक दाखवली, मी सही केली, डिस्क पुसली. चार महिन्यांनी कुणीतरी जुन्या पत्रांचे स्कॅन मागितले. फोल्डर होतं. आतल्या फाइल्स शून्य केबीच्या. मी खोटं बोललो नव्हतो. फक्त उघडून पाहिलं नव्हतं. ग्राहकानेही विचारलं नव्हतं, कारण त्याला सर्व्हर बंद झालेला हवा होता.

म्हणून पैसे बिल्डरचे, याने मला त्रास होत नाही. जो पुसतो त्यानेच नोंदीचा खर्च करावा, हे न्याय्यच आहे. प्रश्न हा, की नोंद उघडून पाहणारं तिसरं कुणी आहे का? इंग्लंडमध्ये ते काम स्थानिक नियोजन खात्याच्या पुरातत्त्वज्ञाचं असतं. टेंडर सर्वात स्वस्तवाल्याला गेलं तरी काम पुरेसं झालं का, हे बिल्डरने ठरवायचं नसतं. हा तिसरा माणूस काढला, तर उरते हिरवी टिक.

नीट केलेली नोंद काय करू शकते, तेही याच जागेवर दिसतं. 1954मध्ये इथेच मिथ्र देवाचं रोमन मंदिर सापडलं होतं. बघायला हजारोंच्या रांगा लागल्या. मग दगड हलवले आणि 1962मध्ये जवळच, उघड्यावर, चुकीच्या पद्धतीने पुन्हा रचले. 2017मध्ये ते मूळ जागेच्या अगदी जवळ, जमिनीखाली सात मीटरवर, नीट उभं राहिलं. चूक सुधारता आली, कारण 1954च्या लोकांनी नकाशे काढले होते, फोटो घेतले होते.

आपल्याकडे संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीचे. त्याच्याही बाहेर असलेल्या आमच्या समोरच्या प्लॉटवर सध्या पोकलेन चालू आहे. डंपर भरतो, जातो, दुसरा येतो. बादलीत काय आलं, हे पाहायला तिथे कुणीच उभं नाही. बहुतेक नुसता मुरूमच असेल.

माझ्या फोल्डरबद्दलही मी असंच समजलो होतो.