रोहिणीचे पाणी, नायगावचा हिशेब

ज्येष्ठ महिना, माना टाकलेली पिके आणि एकाच बंधाऱ्यावर दोघांचा दावा. शाक्य आणि कोलीय यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या रोहिणी नदीची ही कथा बौद्ध परंपरेत प्रसिद्ध आहे. भांडण उकरले ते राजांनी नव्हे, दोन्हीकडच्या शेतमजुरांनी. पाणी दोघांना पुरायचे नाही, आमचे पीक एका भिजवणीत हाती येईल, तेव्हा पाणी आम्हालाच सोडा, असे दोघेही म्हणू लागले. शब्दाने शब्द वाढला, एकमेकांच्या कुळांचा उद्धार झाला आणि प्रकरण तलवारींवर गेले. बुद्धांनी मध्ये पडून विचारले, पाण्याचे मोल किती आणि माणसांचे किती? युद्ध टळले. पुढे पाणी कसे वाटले गेले, ते मात्र कथा सांगत नाही.

डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा तंटा सिद्धार्थाच्या गृहत्यागाचेच कारण मानला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून आलेले वैराग्य त्यांना पटणारे नव्हते. त्यांचा सिद्धार्थ शाक्यांच्या संघात उभा राहून तोडगा मांडतो: दोन माणसे आपली, दोन त्यांची, या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. मतदानात तो हरतो आणि घर सोडतो. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर गेलेल्या नेत्याने बुद्धचरित्राच्या या वळणावर पाणी ठेवावे, यात नवल नाही. महाडलाही प्रश्न तहानेचा नव्हता. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून हक्क आहे की नाही, याचा होता.

आपल्या धर्मविचाराने पाण्याकडे प्रामुख्याने दान म्हणून पाहिले. पाणपोई घालावी, विहीर खोदावी, बारव बांधावी, पुण्य जोडावे. या परंपरेने असंख्य वाटसरूंची तहान भागवली, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण दानात देणारा वर असतो आणि घेणाऱ्याची ओंजळ खाली. देणाऱ्याने हात आखडला तर घेणाऱ्याला दाद मागायला जागा नाही.

ही जागा निर्माण करण्याचा एक प्रयत्न पुरंदर तालुक्यातल्या नायगावात झाला. १९७२च्या दुष्काळाने हादरलेले पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे यांनी तिथे देवस्थानाची चाळीस एकर माळजमीन खंडाने घेतली आणि पाणी अडवून शेती करून दाखवली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम एखाद्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभतील असे. पाणी जमिनीच्या मापाने नाही, माणशी मिळेल: दर डोई अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि सगळ्यांत धक्कादायक कलम म्हणजे भूमिहीनालाही वाटा. ज्याच्याकडे वावर नाही त्याने पाणी घेऊन करायचे काय? त्याने बटईने जमीन करावी आणि आपले पाणी तिथे आणावे, असा त्यामागचा विचार. आता जमीनमालकाशी बोलणी करताना तो रिकाम्या हातांनी बसत नव्हता.

हा समतेचा भाबडा उमाळा नव्हता. योजनेच्या खर्चाचा वाटा लाभार्थ्यांनाही उचलावा लागे. सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हेही खरे. पण सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधले, तेव्हा तिथेही भूमिहीनांचा वाटा धरला गेला. म्हणजे कल्पना एका माणसाच्या हट्टापुरती राहिली नव्हती.

या कल्पनेविरुद्ध उभा आहे जुना कायदा. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला जमिनीखालचे पाणी उपसण्याची मुभा दिली. जेवढी खोल बोअर, तेवढा मोठा हक्क. २००५ साली राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि टंचाईच्या काळात लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल इतके पाणी मिळावे, असे तत्त्व त्यात आले. सगळ्यांनी मिळून झळ सोसण्याचा हा विचार चांगलाच आहे. फक्त ‘जमीनधारक’ या शब्दापाशी नायगावचा भूमिहीन पुन्हा बांधाबाहेर राहिला.

हवामान बदलाने हा वाद अधिक निकडीचा केला आहे. पाऊस चार दिवसांत कोसळतो, मग आठवडेच्या आठवडे पाठ फिरवतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात ऊसही पिकत होता. अशा लहरी पावसावर उतारा म्हणून शेततळी सुचवली जातात. पण प्लास्टिक अंथरलेली कित्येक शेततळी पावसाने नव्हे, विहिरी-बोअरच्या उपशाने भरतात. सगळ्यांच्या पायाखालचे पाणी एकाच्या तळ्यात येऊन उन्हात वाफ होते, आणि सरकारदरबारी ते हवामान बदलाशी जुळवून घेणे ठरते. पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्थांनी पाणी किती अडले याचे आकडे उत्साहाने मांडले आहेत. ते कुणाच्या वाट्याला गेले, हा रकाना त्यांच्या अहवालांत त्याच ठळकपणे यायला हवा, आणि त्यात वावर नसलेल्या घरांची ओळ वेगळी हवी.