सांगितलं की गुण जातो?

काविळीचं औषध देणारं एखादं घर महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचक्रोशींत सापडतं. कर्नाटकातही सापडतं, बेंगळुरूकडे अशा झाडपाल्याला ‘नाटी औषध’ म्हणतात, म्हणजे गावठी. नेम सगळीकडे साधारण सारखेच. ठरलेल्या वारी सकाळी अनशापोटी यायचं, तेलकट-आंबट वर्ज्य करायचं, पैसे द्यायचे नाहीत, फार तर देवापुढे नारळ ठेवायचा. आणि मुळी कोणती ते विचारायचं नाही. का, तर सांगितलं की गुण जातो. हे वाक्य आपण इतक्या सहज ऐकून घेतो की त्यात एक मोठा तात्त्विक दावा दडलाय हे लक्षातच येत नाही. गुण मुळीत असेल तर तिचं नाव उच्चारल्याने तो जाणार कुठे? आणि उच्चारल्याने जात असेल, तर तो मुळीत नव्हताच. तो शब्दात, व्रतात किंवा देवाच्या कृपेत होता. मग मुळी उगाळायची तरी कशाला? औषध देणाऱ्याला दोन्ही हवं असतं, आणि घेणाऱ्याला त्यातली विसंगती टोचत नाही.

गुपिताचा खरा स्वभाव पाहायचा तर ते व्रतापासून सुटं करून पाहावं लागतं, आणि ही सोय व्हिक्टोरिया राणीच्या काळाने करून ठेवली आहे. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांमधून गोऱ्यांच्या औषधपेटीत एक छोटी बाटली हटकून असे: डॉ. कॉलिस ब्राउन यांचं क्लोरोडाइन. ब्राउन हे इथल्या फौजेतले डॉक्टर. पटकीवर उतारा म्हणून त्यांनी हे मिश्रण तयार केलं आणि 1856 मध्ये ते विकण्याचा हक्क लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याला दिला. त्यात अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि गांजा होता. जुलाब थांबत, खोकला थांबे, झोप लागे. गुण येई यात शंका नाही. पण कृती गुप्त होती. बाटलीत काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याला आपण अफूच्या आहारी जातोय हे कळावं तरी कसं? अफू आपल्याकडेही तान्ह्या मुलांना बाळागोळीतून दिली जाई, आणि ते वाईटच होतं. तरी ती देणारीला आपण अफू देतोय हे ठाऊक असे.

या औषधांना ‘पेटंट’ म्हणत ही त्यातली गंमत. पेटंट या शब्दाचा मूळ अर्थ उघडं, सर्वांना दाखवलेलं. खरं पेटंट घ्यायचं तर कृती लिहून द्यावी लागते, म्हणून या धंद्यातले बहुतेक जण पेटंटच्या वाटेला गेलेच नाहीत. त्यांनी नाव आणि छाप राखली, कृती पोटात ठेवली. इंग्लंडात डबीवर सरकारी कराचं तिकीट चिकटवलेलं असे. लोकांना वाटे, औषधाला सरकारची मान्यता आहे. 1909 मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा औषधांचं पृथक्करण करून ते पुस्तकरूपाने छापलं. बीचमच्या जगप्रसिद्ध गोळ्यांत काय निघालं? कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण. एक शिलिंग दीड पेनीच्या डबीतल्या 56 गोळ्यांचा माल अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे विक्रीची किंमत शंभरपटीहून जास्त. बोळ आणि सुंठ कुठल्याही आजीच्या बटव्यात असतात. साबण मात्र नसतो.

आता काविळीवाल्याचं घर आणि बीचमची डबी शेजारी ठेवून पाहा. गुपित दोन्हीकडे आहे. पण काविळीवाल्याचं गुपित एका बंधनाला बांधलेलं आहे: मोबदला घ्यायचा नाही, कुणालाही परत पाठवायचं नाही, रोगी समोर बसल्याशिवाय पुडी द्यायची नाही. मौन हा त्या व्रताचा एक भाग होता, आणि मला वाटतं सर्वांत कमी महत्त्वाचा. बाटलीवाल्याने नेमकं तेवढंच मौन उचललं आणि बाकीचं व्रत टाकून दिलं. विकायला सोपं तेवढंच होतं ना! म्हणून ज्याला आपण पावित्र्य समजत आलो ते गुपितात कधी नव्हतंच. ते होतं फुकट देण्यात.

परंपरेचा मान राखायचा म्हणून मौन राखावं, असं कोणी म्हणेल तर त्याने चरकसंहिता उघडावी. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात चरक सांगतो की गुराखी, मेंढपाळ आणि रानात फिरणारे लोक वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात. तेवढी ओळख पुरेशी नाही, असंही तो लगेच बजावतो. योजना कळली पाहिजे. पुढे त्याने न कळलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वज्राच्या पंक्तीला बसवलं आहे, आणि कळलेल्याला अमृताच्या. चिकित्सास्थानात तो आणखी कडक होतो: पोटासाठी चिकित्सेचा बाजार मांडणारा सोन्याची रास सोडून धुळीच्या ढिगाची पूजा करतो. गुरूने पात्र शिष्यालाच विद्या द्यावी हा दंडक चरकात आहे, हे खरं. पण तो वैद्य घडवण्याचा दंडक आहे. रोग्याला अंधारात ठेवण्याची मुभा त्यातून काढता येत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप श्रद्धेचा. माणूस अर्धा विश्वासाने बरा होतो; औषधाभोवतीचं गूढ काढून घेतलंत तर विश्वासही जाईल, आणि त्याबरोबर गुण. बेंगळुरूचाच दाखला घेऊ. ऑगस्ट 1898 मध्ये शहरात प्लेग शिरला. त्यानंतर दाटीवाटीच्या पेठा सोडून लोक मल्लेश्वरम, बसवनगुडीसारख्या नव्या वसाहतींत जाऊ लागले. त्याच साथीने शहराला एक नवी देवता दिली: प्लेगमारम्मा. तिची देवळं आजही बेंगळुरूत आहेत. या देवीच्या श्रद्धेत गुपित कुठलंच नव्हतं. देऊळ रस्त्यावर, नाव थेट रोगाचं, नवस सगळ्यांदेखत. उघडपणाने ती श्रद्धा तसूभरही पातळ झाली नाही. विज्ञानाचा पुरावाही याच बाजूचा आहे. 2010 मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी पोटाच्या जुनाट तक्रारीच्या 80 रुग्णांवर प्रयोग केला. काहींना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की यात औषध नाही. तरीही, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला. म्हणजे आपुलकीने, नेमाने काही दिलं की माणसाला बरं वाटतं, त्यासाठी फसवावं लागत नाही. अर्थात बरं वाटणं आणि बरं होणं यांत अंतर आहे, आणि प्लेगच्या गाठीपुढे ते अंतर जीवघेणं होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त अडचणीत टाकतो. गावठी वैद्याजवळ त्या मुळीशिवाय आहे काय? त्याने नाव सांगितलं की उद्या कोणी कारखानदार ट्रक भरून झाडं उपटून नेणार, बाटलीत भरून विकणार, आणि वैद्याच्या नातवाला तीच बाटली दुकानातून आणावी लागणार. ही भीती खोटी नाही. 1993 पासून बेंगळुरूत एफआरएलएचटी ही संस्था औषधी वनस्पती आणि लोकवैद्यांचं ज्ञान नोंदवण्याचं काम करते आहे. असं ज्ञान नोंदवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न चुकत नाही: लिहावं तर लुटलं जाईल, न लिहावं तर म्हाताऱ्याबरोबर सरणावर जाईल. 2002 च्या जैवविविधता कायद्याने लाभात वाटा देण्याची तरतूद केली, पण कागदावरचा वाटा वैद्याच्या ओसरीपर्यंत पोचवणं हे वेगळंच काम आहे.

तरीही मौन हा त्यावरचा उपाय नव्हे, आणि याची साक्ष हळद देते. मार्च 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने ते आव्हान देऊन ऑगस्ट 1997 मध्ये रद्द करवलं. कशाच्या जोरावर? घरोघरच्या आज्या हे करतात, एवढं सांगून भागत नव्हतं. 32 लिखित संदर्भ पुढे ठेवावे लागले, त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि 1953 सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही. ‘सांगितलं की गुण जातो’ म्हणत हळद जर एखाद्या घराण्याने देव्हाऱ्यामागे लपवली असती, तर त्या दिवशी पुरावा म्हणून दाखवायला काहीच नसतं.

तुमच्या घरात कुणी उतारा देणारं असेल तर त्यांच्यापाशी बसा. मुळीचं नाव, ओळख, किती घ्यायची, कुणाला द्यायची नाही, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, खाली त्यांचं नाव लिहा आणि वर तारीख घाला.