नाव कुणाचं?

आमच्या घरात एकही भांडं बिननावाचं नाही. तांब्यावर मामांचं नाव, वाट्यांवर आत्याबाईंचं, आणि पाच बिऱ्हाडांनी वर्गणी काढून दिलेल्या परातीवर तर पाचही आडनावं 'सप्रेम भेट' म्हणून दाटीवाटीनं उभी! देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचंही आहे. करणाऱ्याचं तेवढं नाही.

माठाची तर त्याहून गंमत. त्यावर कुणाचंच नाव नसतं. बीडच्या बाजारात माठ विकणाऱ्या मावशींना मी विचारलं, "हा तुम्हीच केलात का?"

"न्हाई बा, मालकानं केला. म्या निस्ती माती चाळली, भिजवली, तुडवली अन् भट्टी लावू लागले."

म्हणजे चाक सोडून सगळं! पण बऱ्याच कुंभारघरांत बाईनं चाकाला हात लावायचा नाही अशी रीत. आणि ज्याचं चाक त्याचा माठ. बीडला हा हिशेब नवा नाही. ऊसतोडीला निघालेलं नवराबायकोचं जोडपं मुकादमाच्या लेखी 'एक कोयता'. तोडायला दोघं, मोजायला एक!

अमेरिकेत बोस्टनला इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांची वस्ती होती. तिथल्या मुलींसाठी १९०८ च्या सुमारास 'पॉल रिव्हिअर पॉटरी' निघाली. मुली वाट्या-बशा रंगवायच्या, कुणीतरी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचं, आणि बशीच्या बुडाशी रंगवणारीची आद्याक्षरं पडायची. धंदा तोट्यातच चालला आणि १९४२ साली बंद पडला. पण त्या बशा आज संग्रहालयांत आहेत आणि बशी उलटी केली की ती पोरगी सापडते.

नावानं पोट भरत नाही, हे कबूल. मावशींनाही नावाचं कौतुक नव्हतं. माठावर बोटानं टिचकी मारून म्हणाल्या, "नाव कशापायी? गळला तर आणून द्या. मी हितंच बसते."

गोम इथंच आहे. परात गळली तर आत्याबाईंना कुणी जाब विचारत नाही. नाव ज्याचं त्याला जबाबदारी नाही, आणि जबाबदारी जिची तिला नाव नाही. याला न्याय म्हणायचं का?

माझं म्हणणं एवढंच, की भाव करायच्या आधी नाव विचारावं. एकदा नाव कळलं की त्या बाईला 'दोन रुपये कमी करा' म्हणायला जीभ रेटत नाही.

बहुधा म्हणूनच आपण विचारत नाही.