दहापैकी साडेआठ

प्रत्येक माणसाला एक साडू असतो आणि त्याचा पगार आपल्यापेक्षा नेहमी जास्त असतो. हा खरं म्हणजे निसर्गनियमच आहे. न्यूटनला तो सुचला नाही, कारण न्यूटननं लग्नच केलं नव्हतं.

माझे साडू पुण्याला असतात. कसल्याशा मोठ्या कंपनीतून कसल्याशा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, दोन्ही मुलं अमेरिकेत. निवृत्त झाल्यावर आमच्या साताऱ्याकडची माणसं गुडघ्याला तेल लावून सज्जनगड चढतात. साडू बोटीत बसतात. आजवर अकरा समुद्रसफरी झाल्या. त्याला 'सफर' म्हटलेलं त्यांना आवडत नाही. 'क्रूझ' म्हणायचं, आणि 'झ' जहाजातला. झबल्यातला म्हटला की चेहरा पडतो.

दिवाळीत ते घरी आले की फराळाच्या ताटाशेजारी त्यांची वही उघडते. वही पाहून पहिल्यांदा माझं मन भरून आलं होतं. बावीस वर्षं बँकेत आकडे भरतोय, पण इतकं स्वच्छ आखलेलं खातं पाहिलं नव्हतं. डावीकडे बोटींची नावं, वर रकाने : जेवण, खोली, गादी, नोकरांची अदब, डेकची लांबी, संगीत, चहा. प्रत्येकाला दहापैकी गुण. एका बोटीला अर्धा गुण निव्वळ एवढ्यासाठी जादा, की खोली आवरणाऱ्या पोऱ्यानं टॉवेलाची घडी घालून हत्ती केला होता.

"पाहुणे, बोटीबोटींत फरक असतो," साडू चकली मोडत सांगतात. "ही हॉलंड अमेरिका. १८७३ पासूनची कंपनी. शांत कारभार, माणसं वयस्क. डेकला संपूर्ण प्रदक्षिणा घालता येते. ही प्रिन्सेस. १९७७ साली 'लव्ह बोट' नावाची अमेरिकन मालिका आली, तिच्यामुळं घराघरांत गेली. आणि ही सेलिब्रिटी. हिच्या धुराड्यावर फुली दिसते ना? ती फुली नव्हे. ते ग्रीक अक्षर आहे. मूळ मालक चँड्रिस, त्यांचं आद्याक्षर. यांच्या काही बोटींवर वरच्या मजल्यावर खरं गवत लावलंय. भर समुद्रात हिरवळ!"

"मग ते कापतं कोण?" बायकोनं विचारलं. तिला आमच्या कॉलनीतल्या बागेचा अनुभव आहे.

या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, मला माणसापेक्षा ताळेबंद आधी दिसतो. एकदा सहज पाहिलं तर प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या दोघींची मालकीण एकच, कार्निव्हल कॉर्पोरेशन. म्हणजे साडू गेली दहा वर्षं एकाच मालकाच्या दोन शाखांची भांडणं सोडवत होते. मी हे सांगितल्यावर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "पण चहा वेगळा असतो." मुंबईहून सुटणाऱ्या बोटींना ते क्रूझ मानत नसत. आपल्याकडे २०२१ पासून 'एम्प्रेस' निघू लागली, ती मुळात १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठीच बांधलेली आणि तीसेक वर्षं गोऱ्यांना घेऊन फिरलेली, हेही मी सांगितलं. तेव्हा त्यांनी वहीच मिटली.

खरी गंमत पुढं आहे. साडूंनी मला विचारलं, "पाहुणे, तुम्ही कुठल्या कुठल्या बोटीत बसलात?"

आता मी काय सांगणार? एक, बामणोलीची लाँच. कोयनेच्या धरणात साठच्या दशकात आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं बुडाली आणि वर शिवसागर झाला. पलीकडच्या काठच्या गावांना रस्त्यापेक्षा पाणी जवळचं. त्या लाँचमध्ये मी गॅस सिलिंडर, चार कोंबड्या आणि एक नवरी यांच्यामध्ये बसून गेलो आहे. नवरी रडत होती, कोंबड्याही खुशीत नव्हत्या. दोन, हरिपूरची नाव. सांगलीला बदली झाल्यावर रविवारी कृष्णा-वारणेच्या संगमावर जायचं आणि नावेनं पलीकडं कोथळीला उतरायचं, परत यायचं. संगीत नाही, हत्ती नाही. तीन, वडिलांची कोकणबोट. ती मी पाहिली नाही, पण इतक्या वेळा ऐकली आहे की ती माझ्या नावावर धरायला हरकत नाही.

वडील काही वर्षं वेंगुर्ल्याला नोकरीला होते. भाऊच्या धक्क्यावरून बोट. धक्क्याचं दार उघडलं की लोक धावत सुटायचे आणि डेकवर सतरंजी टाकून जागा धरायचे. ज्याची सतरंजी मोठी तो श्रीमंत. वरच्या वर्गाला वेगळा जिना. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. म्हणजे खलाशी बखोट धरून खाली सोडायचा आणि दुसरा झेलायचा. पावसाळ्यात बोटी बंद. आजीची तरीही ताकीद असे, की नारळीपौर्णिमेआधी बोटीचं नाव काढायचं नाही. साताऱ्याच्या माणसाला 'रामदास' म्हटलं की समर्थ आठवतात. कोकणातल्या जुन्या माणसाला १७ जुलै १९४७ आठवतो. त्या दिवशी त्या नावाची बोट रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेंहून जास्त माणसं गेली.

हे सगळं ऐकून साडू म्हणाले, "म्हणजे तुमचा अनुभव नाही. ज्यानं दोन्ही पाहिलंय त्यानंच तुलना करावी."

हे वाक्य मी कुठंतरी वाचलं होतं. रात्री आठवलं : मिल! जॉन स्टुअर्ट मिल. बी.कॉम.ला अर्थशास्त्रात त्यानं मला छळलं होतं. पण त्याचा मूळ धंदा काय होता, ठाऊक आहे? कारकुनी! वयाच्या सतराव्या वर्षी, १८२३ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत चिकटला. वडील त्याच कचेरीत मोठ्या जागेवर होते, हा निव्वळ योगायोग. पस्तीस वर्षं नोकरी केली आणि १८५८ साली कंपनीचाच कारभार गुंडाळला तेव्हा सुटला. बरीच वर्षं त्याच्याकडे संस्थानांच्या पत्रव्यवहाराचं टेबल होतं. आमचं साताऱ्याचं राज्य १८४८ साली खालसा झालं तेव्हाही तो त्याच टेबलावर होता. एवढ्या फायली उपसून हा गृहस्थ १८६१ साली लिहितो, की दोन सुखांपैकी वरचं कोणतं हे ज्यांनी दोन्ही चाखली आहेत त्यांना विचारा, आणि ते म्हणतील ते खरं. साडूंनी मिल वाचलेला नाही. पण पैसा आला की तत्त्वज्ञान आपोआप येतं.

तर मिलसाहेबांच्या कसोटीला उतरण्याची संधी दोन वर्षांपूर्वी आली. साडूंच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस. मुंबई-गोवा-मुंबई, खर्च त्यांचा. जावयांना दिवाळसणात जसं काही विचारायचं नसतं तसं आम्ही काही विचारलं नाही. पहिल्या तासात जेवलो, दुसऱ्या तासात जेवलो. बायको म्हणाली, "अहो, हे रात्री बारालासुद्धा जेवण ठेवतात, मग झोपतात केव्हा?" मी दहाव्या मजल्यावर उभा राहून काठावरचे दिवे पाहिले. त्यातला एखादा वेंगुर्ल्याचा असावा असं धरून वडिलांना मनातल्या मनात नमस्कार केला. सुख होतं. खोटं कशाला बोलू?

पण त्याआधी, बोट सुटण्यापूर्वी, एक कवायत झाली. भोंगा वाजला की सगळ्यांनी नेमल्या जागी जमायचं, जीवरक्षक जाकीट कसं बांधायचं ते बघायचं. लोक वैतागले होते. साडू म्हणाले, "मी हे अकरा वेळा पाहिलंय," आणि डोळे मिटून उभे राहिले. मी मात्र सवयीनं डोक्यावर टांगलेल्या होड्या मोजत होतो. प्रत्येकीवर माणसांचा आकडा लिहिलेला असतो. टायटॅनिकवर १९१२ साली माणसं होती बावीसशेच्या आसपास, आणि होड्यांत जागा ११७८. हिशेब बसतच नव्हता. तिसऱ्या वर्गातली चारातली एक व्यक्ती वाचली, पहिल्या वर्गातली निम्म्याहून अधिक. त्यानंतर १९१४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून ही कवायत. मी साडूंना हळूच विचारलं, "वहीत होड्यांचा रकाना कुठं आहे?"

"पाहुणे," ते डोळे न उघडता म्हणाले, "बोट बुडत नाही हो."

बोट बुडत नाही, हे मला मान्य आहे. पण माझ्या यादीत एक चौथी बोट होती. ती मी साडूंना सांगितली नव्हती. बायकोलाही पुरती नाही.

२०१९ चा ऑगस्ट. मी सांगलीत गावभागात भाड्यानं राहत होतो. शनिवारी साताऱ्याला जायचं, सोमवारी परत. त्या आठवड्यात कृष्णेनं कुणालाच कुठं जाऊ दिलं नाही. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांना धोक्याच्या खुणेवर येतं. त्या वेळी ते ५७ फुटांच्या वर गेलं. आमचा तळमजला गेला. मी आणि घरमालकीण मावशी वरच्या मजल्यावर आलो. त्यांच्याकडे लोणच्याची बरणी आणि रेशनकार्ड, माझ्याकडे बँकेची बॅग. बॅगेत काय होतं ते आज आठवत नाही, पण ती मी दोन दिवस खाली ठेवली नाही. समोरच्या गॅलरीत एक निवृत्त मास्तर एकटेच उभे. मधल्या बोळातून नदी वाहत होती आणि आम्ही दोन्ही बाजूंनी दुधाच्या भावाबद्दल बोलत होतो.

गुरुवारी, ८ तारखेला, एनडीआरएफची रबरी होडी आली. केशरी रंगाची, मागं मोटार. जवानानं आतली माणसं मोजली आणि ओरडला, "दो की जगह है! बुजुर्ग पहले!"

दोन जागा. मावशी पंच्याहत्तरच्या, मास्तर ऐंशीचे. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा आणि पोटाचा थोडा घेर सोडला तर धडधाकट.

मावशींना मी कठड्यावरून खाली दिलं. जवानानं विचारलं, "माताजी के साथ कौन है?"

"मी," मी म्हणालो. म्हणजे हिंदीत म्हणालो.

वास्तविक मावशींना सोबतीची काडीइतकी गरज नव्हती. लहानपणापासून कृष्णेत पोहलेली बाई; बुडती तर मला घेऊन वर आली असती. मास्तरांनी पलीकडून हात हलवला. "जावा जावा तुम्ही. मी पुढच्या खेपेला येतो."

पाचेक मिनिटांचा प्रवास. माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची बोट कोणती, असं मिलनं विचारलं तर मी प्रामाणिकपणे हीच सांगेन, आणि मग त्यानं पुढचं विचारू नये. छावणी एका शाळेत होती. बिस्किटाचा पुडा मिळाला, चहा मिळाला. तो चहा पिताना कुणीतरी येऊन सांगितलं, की सकाळी ब्रह्मनाळला होडी उलटली. जास्त माणसं बसली होती म्हणे. बाया होत्या, पोरं होती.

आता यात तसं पाहिलं तर माझा काही संबंध नाही. ब्रह्मनाळ पलूस तालुक्यात, मी सांगलीत. ती होडी वेगळी, ही वेगळी. तिथं एकेक जागा वाढवत गेले, इथं जवानानं मोजून घेतली. मोजून घेतली म्हणूनच तर माझ्या बुडाखालची जागा कुणाची होती हे मला आकड्यासकट माहीत होतं. कारकुनाचा हा शाप आहे. जमा कुठून आली हे दिसल्याशिवाय त्याला खर्च गोड लागत नाही.

मास्तर अडीच तासांनी आले. त्या अडीच तासांत मी शाळेच्या फाटकापर्यंत किती वेळा गेलो ते सांगत नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बगलेत छत्री. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न काय केला? "तुम्हाला चहा मिळाला का?"

क्रूझवर शेवटच्या रात्री साडूंनी वही पुढं केली. "पाहुणे, आता तुम्हीही अनुभवी झालात. बोला, दहापैकी किती?"

मी साडेआठ म्हणालो. ते खूश झाले. त्यांचेही साडेआठच होते. चहाला मात्र त्यांनी सहा दिले, मी दहा दिले. चहा तसा बेताचाच होता, पण मला कुणाच्या वाटचा प्यायलो असं वाटलं नाही, याचे चार गुण वाढवले. हे त्यांना समजावून सांगत बसलो नाही. मिलला पुन्हा वाचावं असं मात्र वाटलं. ज्यानं दोन्ही चाखलं त्याला विचारा म्हणतो; पण चाखणाऱ्यानं ताट कुणासमोरून ओढून घेतलं, हे त्यानं खरं सांगावं कशावरून? निदान मी तरी अजून सांगितलेलं नाही.

गोव्यात उतरलो तेव्हा मास्तरांसाठी काजू घेतले. तसे मी गोव्याला कुणी निघालं की त्याच्याबरोबर दरवर्षीच मागवतो. सांगलीला गेलो की नेऊन देतो. मास्तर आता शहाऐंशीच्या पुढं आहेत. या खेपेला त्यांनी पुडा हातात घेऊन वजन पाहिलं.

"अर्धा किलो? अहो, तुम्ही दरवर्षी काजू आणता, मला दात कुठं आहेत?"

मला काय बोलावं सुचेना.

"बरं, ठेवा, ठेवा," ते म्हणाले, "बसा. चहा टाकतो."